आईच्या रांगोळीची ओळ वाकडी दिसली: डोळ्याच्या पडद्याबद्दल बोलूया का?

रामबागकर
४ नोव्हेंबर, रात्री ९:५०

मंडळी, लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आमची आई ७१ वर्षांची. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गल्लीत तिच्या ठिपक्यांच्या रांगोळीचं नाव आहे. भोकं पाडलेला कागद वापरणाऱ्यांना ती मनातल्या मनात नापास करते. स्वतः चिमटीनंच २१ ठिपक्यांची ओळ टाकते, पट्टी लावून बघा, सरळ. यंदा वसुबारसेला मी दारात उभा होतो. वारा आला, रांगोळीची पूड तिच्या उजव्या डोळ्यात गेली. तो डोळा पदरानं दाबून धरला आणि तशीच खाली बघत म्हणाली, "अरे, ही ओळ मध्येच अशी खाली का गेली?"

ओळ सरळ होती. मी म्हटलं, उजवा उघड, डावा झाक. "आता सरळ आहे." पुन्हा उलट केलं. पुन्हा वाकडी, आणि मधले दोन ठिपके तर गायबच.

आता मागचं सांगतो, ते जास्त चीड आणणारं आहे. गणपतीपासून ती म्हणत होती की पेपर वाचताना अक्षरं चिकटतात. आम्ही एका चष्म्याच्या दुकानात नेलं, नंबर बदलला. महिन्याभरात पुन्हा तेच, दुसऱ्या दुकानात नेलं, पुन्हा नंबर बदलला. तिथला मुलगा म्हणाला, मोतीबिंदू सुरू होतोय, पिकू द्या. दोन्ही ठिकाणी डोळ्यात थेंब घालून आत कुणी पाहिलं नाही, आणि आम्हालाही ते मागायचं असतं हे माहीत नव्हतं.

दिवाळी उरकून रेटिनाच्या, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या, डॉक्टरांकडे गेलो. थेंब घातले, पाऊण तास बसवलं, मग ओसीटी नावाचं स्कॅन केलं. मॉनिटरवर जे चित्र आलं ते बघून आई म्हणाली, "हा तर चिरोटा." अगदी तसंच, एकावर एक पापुद्रे. उजव्या डोळ्याचा चिरोटा नीट होता, मध्ये नेमका खळगा. डाव्याचा मधला भाग फुगलेला, खाली काळं पाणी साचलेलं. मॅक्युलाचा, म्हणजे पडद्याच्या मध्यभागाचा, वयोमानानं होणारा आजार, 'ओला' प्रकार. शुक्रवारी डोळ्यात पहिलं इंजेक्शन झालं. महिन्याच्या अंतरानं अशी तीन, पुढचं नंतर बघू म्हणाले.

डॉक्टरांनी समजावलं, पण बाहेर गर्दी इतकी की निम्मं डोक्यावरून गेलं. इथे कुणी यातून गेलंय का?


सराफा रात्री बारा
४ नोव्हेंबर, रात्री १०:०४

डोळ्यात इंजेक्शन?? भिया, वाचूनच माझे डोळे गच्च मिटले. काकूंना नमस्कार सांगा.


जुनी पलासिया
४ नोव्हेंबर, रात्री ११:२०

रामबागकर, मी नेत्रतपासनीस आहे, बरीच वर्षं रेटिनाच्या ओपीडीत काम केलंय. औषधोपचाराचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. बाकावर बसलेल्या नातेवाइकांना मी रोज जे सांगते तेवढंच इथे लिहिते.

पडदा म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या भिंतीला लागून असलेला, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा थर. त्याला दुखणं कळत नाही. तो सुजला, फाटला, त्यावर रक्त उतरलं, तरी डोळा लाल होत नाही, ठणकत नाही, पाणी येत नाही. म्हणून लोक डोळे आले की त्याच दिवशी धावत येतात आणि पडद्यात रक्तस्राव झाला की महिनाभर चष्मा पुसत बसतात. त्यात दुसरा डोळा चांगला असला की तो सगळं झाकून घेतो. आईंच्या डोळ्यात पूड गेली म्हणून कळलं, नाहीतर संक्रांत उजाडली असती.

पडद्याच्या मधोमध मॅक्युला. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं ही कामं त्याची. बाजूचा पडदा चालताना कडेचं दाखवतो आणि अंधारात कामाला येतो. त्यामुळे मॅक्युलाच्या पेशंटला घरात वावरता येतं, पण दारातला माणूस आवाज ऐकल्याशिवाय कळत नाही.

या आजाराचे दोन प्रकार. सुक्या प्रकारात पडद्याखाली पिवळट साका साठत जातो, पेशी हळूहळू झिजतात, वर्षानुवर्षं चालतं. ओल्यात पडद्याखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या फुटतात, म्हणजे झाडाला फुटव्या फुटतात तशा, आणि त्यातून पाणी किंवा रक्त झिरपतं. सरळ रेघ वाकडी दिसते ती त्या फुगवट्यामुळे. हा प्रकार आठवड्यांत बिघडतो, त्यामुळे घाई याच्यात.

इंजेक्शनचं औषध त्या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाला अडवतं. थेंबांनी डोळा बधिर करतात, बीटाडिननं धुतात, आणि बुबुळापासून चारेक मिलिमीटरवर पांढऱ्या भागातून अगदी बारीक सुई. टोचणं काही सेकंदांचं, तयारी पंधरा मिनिटांची. दुसऱ्या दिवशी पांढऱ्यावर लाल डाग दिसला किंवा एखादा काळा बुडबुडा तरंगताना दिसला तर घाबरू नका. पण पुढच्या आठवड्यात कधीही डोळा ठणकायला लागला, लाली वाढत गेली, नजर कमी व्हायला लागली, तर रात्री दोन वाजले असले तरी फोन करा. तो जंतुसंसर्ग असू शकतो, क्वचित होतो, पण झाला तर तासांचा हिशोब असतो.


रामबागकर
५ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

ताई, मनापासून आभार. सुई 'अगदी बारीक' हे आईला आधी सांगितलं असतं तर ती रात्रभर जागी राहिली नसती. परत आल्यावर म्हणाली, कान टोचताना यापेक्षा जास्त रडले होते.

एक प्रश्न. डॉक्टरांनी दोन औषधांचे पर्याय दिले, एक बरंच स्वस्त, एक महाग. स्वस्त घेतलं तर आईवर अन्याय करतोय का?


जुनी पलासिया
५ नोव्हेंबर, दुपारी २:३०

हा प्रश्न ओपीडीत रोज येतो, आणि विचारताना मुलं खाली बघतात.

स्वस्त म्हणजे बहुधा बेव्हासिझुमॅब. मूळचं आतड्याच्या कॅन्सरचं औषध. २००५ च्या सुमारास ते डोळ्यात थोड्या मात्रेत वापरायला सुरुवात झाली. महागातलं रॅनिबिझुमॅब खास डोळ्यासाठी बनवलेलं, अमेरिकेत २००६ मध्ये मान्यता मिळाली. मोठ्या अभ्यासात दोन्हींची समोरासमोर तुलना झाली, २०११ मध्ये निकाल आले, नजरेवरचा परिणाम जवळजवळ सारखा. स्वस्तातली अडचण वेगळी आहे: कॅन्सरसाठीची मोठी कुपी असते, तिच्यातून छोट्या मात्रा भराव्या लागतात, आणि ते भरणं निर्जंतुक झालं नाही तर धोका. तेव्हा औषधाची किंमत विचारताना 'हे कुठे आणि कसं भरता' एवढंही विचारा. रॅनिबिझुमॅबची देशी आवृत्तीसुद्धा २०१५ पासून भारतात मिळते, ती मूळ औषधापेक्षा स्वस्त पडते. परिणाम जास्त दिवस टिकणारी नवी औषधंही आहेत, पण ती खर्चिक.

महागडं एक इंजेक्शन घेऊन पुढची दोन टाळणाऱ्यापेक्षा परवडणारी तिन्ही वेळेवर घेणाऱ्याचा डोळा बरा राहतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय.


भाऊसाहेब लोकमान्यनगर
५ नोव्हेंबर, संध्या. ६:१०

तुम्ही सगळे सुयांच्या मागे लागलात. आमच्या आजोबांनी रोज सकाळी त्रिफळ्याच्या पाण्यानं डोळे धुतले, ८८ व्या वर्षी बिनचष्म्याचे गीता वाचत. थोडा शुद्ध मध काडीनं घालत. आजकाल कुणाला धीरच नाही.


उणे नऊ
५ नोव्हेंबर, संध्या. ६:४२

भाऊसाहेब, आजोबांना नमस्कार, पण डोळ्यावर टाकलेलं पाणी पडद्यापर्यंत पोहोचत नाही. पडदा मागच्या भिंतीवर आहे. माळवदावर पाणी ओतून तळघरातली ओल जात नाही. आणि मध घालायचा विचार असेल तर आधी वर जुनी पलासिया ताईंनी जंतुसंसर्गाबद्दल काय लिहिलंय ते वाचा.

आता माझी गोष्ट. नावावरून नंबर कळलाच असेल. २८ व्या वर्षी लेझर करून चष्मा काढला आणि समजलो, डोळे सुधारले. ते चूक. नंबर जातो तो पुढच्या पारदर्शक बुबुळाचा आकार बदलून. डोळा आतून लांबट तो लांबटच राहतो आणि पडदा ताणलेला तो ताणलेलाच. हे मला कळलं ४१ व्या वर्षी.

रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक. राजवाड्यासमोर तुम्हाला माहीत आहेच, टँकरवरून रंग उडतो, माणसाला माणूस दिसत नाही. कुठल्या तरी गच्चीवरून आलेला पाण्यानं भरलेला फुगा थेट डाव्या डोळ्यावर बसला. दहा मिनिटं चोळला, मग ठीक. दुखणं गेलं म्हणून पोहे-जलेबी खाल्ली, घरी आलो. चारपाच दिवसांनी अंधारात मान वळवली की डोळ्याच्या कडेला वीज चमकायला लागली. मग एका दुपारी काजळी उडावी तसे काळे कण, शेकड्यांनी. मी गुगलवर 'फ्लोटर' वाचलं, वयानं होतात असं लिहिलं होतं, झोपलो. सकाळी नाकाच्या बाजूनं राखाडी सावली वर चढत होती.

पडदा फाटला होता, आणि फटीतून पाणी आत शिरून तो भिंतीपासून सुटत चालला होता. मध्यभाग अजून चिकटलेला होता, म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, वीज चमकली त्याच दिवशी आला असतात तर फटीभोवती लेझरचे टाके मारून अर्ध्या तासात घरी पाठवलं असतं.

पडदा भिंतीला दाबून बसवायला आत गॅस भरला आणि दहा दिवस पालथं. 'पालथं' म्हणजे जेवताना, फोनवर, संडासात, सगळीकडे मान खाली. आईनं दोन स्टुलांमध्ये फट ठेवून त्यात तोंड घालायची सोय केली, खाली जमिनीवर टीव्ही आडवा. गॅसचा बुडबुडा आतून दिसतो, मिस्त्रीच्या लेव्हलमध्ये पाणी हलतं तसा. आधी सगळं धूसर, मग वरून एक उजेडाची पट्टी येते आणि रेघ रोज थोडी खाली सरकते. दीड महिन्यानं शेवटचा थेंबाएवढा बुडबुडा नाहीसा झाला तेव्हा चक्क चुकल्यासारखं वाटलं.

गॅस असेपर्यंत विमान बंद, उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि आतला गॅस फुगतो. पुण्याला चुलतभावाचं लग्न होतं, तिकिटाचे पैसे बुडाले.


सराफा रात्री बारा
५ नोव्हेंबर, रात्री ८:२०

उणे नऊ, दोन स्टुलांचा भाग वाचताना हसलो, मग लाज वाटली.

माझा मुद्दा. वय ५२, शुगर अकरा वर्षं. नजर एकदम फर्स्टक्लास, सराफ्याच्या खाऊगल्लीत रात्री जलेबा (मोठी जलेबी) कोणत्या गाडीवर ताजा निघतोय ते चौकातून सांगतो. मला यात पडायची काही गरज नाही ना?


जुनी पलासिया
५ नोव्हेंबर, रात्री १०:४५

आहे, आणि सगळ्यात जास्त तुम्हालाच आहे.

जास्त साखरेनं पडद्यातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती कमजोर होतात. आधी त्यांना बारीक फुगे येतात, झिरपायला लागतात. पुढे काही बंद पडतात, पडद्याला प्राणवायू कमी पडतो, आणि तो उपाशी पडदा नव्या रक्तवाहिन्या मागवतो. त्या इतक्या कच्च्या असतात की शिंक आली तरी फुटायच्या. हे सगळं होत असताना नजर सहा बाय सहा असू शकते. मी असे पेशंट पाहिलेत जे शेवटची ओळ घडाघडा वाचतात आणि आत पाहिलं तर तातडीनं लेझर लागतं. तुम्ही चौकातून जलेबा बघता, ती मॅक्युलाची कामगिरी. कडेच्या पडद्यावर काय चाललंय ते तुम्हाला कळणारच नाही.

प्रौढपणी होणारा मधुमेह ज्या दिवशी निघतो त्याच दिवशी पडद्याची पहिली तपासणी व्हायला हवी, कारण साखर आधीपासून किती वर्षं वाढलेली होती कुणास ठाऊक. मग दर वर्षी. लहानपणच्या इन्सुलिनवाल्या मधुमेहात पाच वर्षांनी सुरुवात केली तरी चालते. मधुमेह आधीपासून असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच, कारण गरोदरपणात तो भराभर वाढू शकतो.

साखर सांभाळून काय होतं? १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले. इन्सुलिनवाल्या मधुमेहात ज्यांची साखर काटेकोर ठेवली त्यांच्यात पडद्याचा आजार नव्यानं होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी. इतकं घसघशीत देणारं दुसरं औषध मला तरी माहीत नाही. साखरेबरोबर रक्तदाबही बघा.

अकरा वर्षांत थेंब घालून तपासणी किती वेळा झाली?


सराफा रात्री बारा
५ नोव्हेंबर, रात्री १०:५१

शून्य.


अन्नपूर्णा रोड
६ नोव्हेंबर, दुपारी १:०५

मी इथे सहसा वाचतेच, लिहीत नाही. संधिवातासाठी सहा वर्षं हायड्रॉक्सीक्लोरोक्विन घेते. सांध्यांचे डॉक्टर म्हणतात डोळे दाखवा, मी म्हणते नंबर तर बदललेला नाही. या गोळीचा आणि पडद्याचा खरंच संबंध आहे का?


जुनी पलासिया
६ नोव्हेंबर, दुपारी ४:४०

काकू, आहे. गोळी चांगली आहे, स्वतःच्या मनानं बंद करू नका. पण ती पडद्यात साठते आणि फार वर्षांनी मॅक्युलाभोवती कडं करून पेशी मारते, झालेलं नुकसान परत भरून येत नाही. सुरू केल्यावर पहिल्या वर्षात एकदा तपासणी आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी, ओसीटी आणि फील्ड टेस्ट (नजरेचा आवाका तपासणारी). रोजची मात्रा वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत असावी. वजन उतरलं असेल तर ते डॉक्टरांना सांगा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तेही.


उणे नऊ
६ नोव्हेंबर, रात्री ९:००

धाग्यावर आलोच आहे तर, घरी रेघ तपासायचा तो चौकटीचा कागद सांगा ना कुणीतरी. मला डिस्चार्जच्या वेळी दिला होता.


जुनी पलासिया
६ नोव्हेंबर, रात्री ९:३५

आम्स्लर ग्रिड. दहा सेंटिमीटरचा चौरस, त्यात पाच मिलिमीटरच्या चौकटी, मध्ये ठिपका. वाचायचा चष्मा लावून हातभर नाही, वीतभराहून थोडा लांब धरायचा, एक डोळा झाकायचा, ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. रेघा वाकल्या, तुटल्या, कुठे डाग दिसला तर त्याच आठवड्यात दाखवायचं. स्वित्झर्लंडच्या मार्क आम्स्लर यांनी तो प्रचारात आणला. त्यांचे गुरू ज्यूल गोनँ. सुटलेला पडदा बसवता येतो, फक्त फट शोधून बंद करायला हवी, हे पहिल्यांदा त्यांनी करून दाखवलं. त्याआधी उणे नऊ यांच्यासारख्या पेशंटला महिनोन्‌महिने पलंगावर पाडून ठेवत आणि डोळा जायचा तो जायचाच.

आईंचा कागद तुमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या आहेच, रामबागकर. ठिपक्यांची रांगोळी म्हणजे दुसरं काय आहे! कालनिर्णयचं पान चाललं तरी हरकत नाही, रोज समोर असतं.


भाऊसाहेब लोकमान्यनगर
७ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

मध बंद केला. पण गाजराचं तरी मान्य कराल?


जुनी पलासिया
७ नोव्हेंबर, सकाळी ११:१५

खा हो भाऊसाहेब. पालक, मेथी त्याहून बरी. त्या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचं मात्र स्पष्ट लिहिते, सगळे विचारतात. ल्युटिन-झिंकवाल्या गोळ्यांचा फायदा ज्यांचा मॅक्युलाचा आजार मधल्या टप्प्यावर आहे किंवा एका डोळ्यात वाढलाय त्यांना होतो, म्हणजे रामबागकरांच्या आईंना विचारण्यासारखं आहे. धडधाकट डोळ्याच्या माणसानं घेऊन काही मिळत नाही. सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा-कॅरोटिनवाल्या गोळ्या टाळा, फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. आणि सिगारेट सुटली तर मॅक्युलासाठी त्याच्याइतकं दुसरं काही स्वतःच्या हातात नाही.


सराफा रात्री बारा
२२ नोव्हेंबर, संध्या. ७:४०

जाऊन आलो. थेंबांनंतर बाहेर पडलो तर ऊन असं की एमजी रोड पांढराफटक. स्कूटर घेऊन गेलो होतो, गाढवपणा, बायकोला बोलावून मागे बसून आलो. मोबाइलवरची अक्षरं संध्याकाळपर्यंत दिसली नाहीत. जाणाऱ्यांनी काळा चष्मा आणि माणूस दोन्ही न्या.

निकाल: दोन्ही डोळ्यांत बारीक फुगे, उजव्यात दोन-तीन रक्ताचे ठिपके. अजून इंजेक्शन-लेझर काही नाही. सहा महिन्यांनी पुन्हा. साखरेचा तीन महिन्यांचा रिपोर्ट ९.१ निघाला, त्यावर डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसतं माझ्याकडे बघितलं. तळलेल्या गराडूचा (कंदाचा) सीझन आहे आणि मी घरी भाजलेले चणे खातोय.


रामबागकर
४ डिसेंबर, रात्री १०:१०

अपडेट द्यायला उशीर झाला. दुसरं इंजेक्शन झालं. ओसीटीत पाणी निम्म्याहून कमी झालंय, चिरोटा बसायला लागलाय. डाव्या डोळ्यानं तक्त्यावरच्या दोन ओळी जास्त वाचल्या. मधले जे दोन ठिपके गायब होते त्यांपैकी एक परत आलाय, एक नाही, आणि तो येईलच असं डॉक्टर म्हणत नाहीत.

आज मार्गशीर्षातला गुरुवार. इंजेक्शननंतर काही दिवस धूळ-पूड लांब ठेवायची, म्हणून आई पाटावर बसली आणि माझ्या लेकीनं रांगोळी काढली. तिसरी ओळ झाल्यावर आई म्हणाली, "मध्ये वाकडी गेली." माझ्या पोटात गोळा आला. धावत बाहेर आलो, म्हटलं एक डोळा झाक. झाकला. दुसरा झाक. झाकला. म्हणाली, "दोन्हींनी वाकडीच आहे."

वाकून बघितलं. खरंच वाकडी होती.